बाळ काचेत ठेवलंय: वाचकांचे प्रश्न आणि उत्तरं

या अंकात अपुऱ्या दिवसांच्या आणि नुकत्या जन्मलेल्या बाळांबद्दलचे प्रश्न एकत्र घेतले आहेत. औषधांच्या मात्रा दिल्या आहेत त्या रुग्णालयात नेमकं काय चाललंय हे समजावं यासाठी. त्यावरून घरी काही ठरवू नये.

प्रश्न: बहिणीला 31व्या आठवड्यात कळा सुरू झाल्या. डॉक्टरांनी बाळाची फुफ्फुसं पिकावीत म्हणून एक इंजेक्शन दिलं, दुसरं 24 तासांनी देणार आहेत. त्याआधीच बाळंतपण झालं तर पहिलं वाया गेलं का? शिवाय मोठ्या रुग्णालयात हलवायला सांगताहेत. ते आत्ता करावं की बाळ झाल्यावर?

वाया जात नाही. आईला दिलेलं हे स्टेरॉइड वारेतून बाळापर्यंत पोचतं आणि फुफ्फुसातल्या पेशींना कामाला लावतं. पूर्ण गुण यायला साधारण 24 तास लागतात, पण काही तास मिळाले तरी थोडा फायदा होतो. म्हणूनच कळा थांबतात का ते बघत न बसता पहिलं इंजेक्शन लगेच देतात. बीटामेथासोन असेल तर 12 मिलिग्रॅमचे दोन डोस 24 तासांच्या अंतराने. डेक्सामेथासोन असेल तर 6 मिलिग्रॅमचे चार डोस, दर 12 तासांनी. पहिल्या डोसनंतर एक दिवस ते सात दिवस या काळात बाळ जन्मलं तर उपयोग सर्वांत जास्त.

या शोधाचं मूळ न्यूझीलंडमध्ये आहे. ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांमध्ये कळा कशाने सुरू होतात याचा अभ्यास करत होते. स्टेरॉइड मिळालेली कोकरं इतक्या लवकर जन्मली होती की ती जगायलाच नको होती, तरी त्यांच्या फुफ्फुसात हवा भरलेली दिसली. लिगिन्स आणि रॉस हॉवी यांनी 1972 मध्ये मातांवरच्या चाचणीचे निष्कर्ष छापले. इतका साधा आणि स्वस्त उपाय, पण सगळीकडे रुळायला त्यानंतर वीसेक वर्षं गेली. तेवढ्या काळात किती बाळं हातची गेली असतील, हा विचार आजही अस्वस्थ करतो.

आईला मधुमेह असेल तर या इंजेक्शननंतर काही दिवस साखर वाढते, त्यामुळे ती वारंवार तपासायला हवी. 32 आठवड्यांच्या आत प्रसूती होणार असं दिसलं तर बाळाच्या मेंदूच्या संरक्षणासाठी मॅग्नेशियम सल्फेटही देतात. आधी 4 ग्रॅम शिरेतून सावकाश आणि मग तासाला 1 ग्रॅम. ते चालू असताना आईला अंग गरम झाल्यासारखं वाटतं, त्याने घाबरू नये.

हलवायचं असेल तर आत्ता, बाळ पोटात असताना. प्रवासाला आईच्या पोटाइतकी सुरक्षित पेटी दुसरी नाही. प्रसूती अगदी तोंडावर आली असेल किंवा आईला रक्तस्राव होत असेल तरच थांबावं लागतं, आणि तो निर्णय तपासणाऱ्या डॉक्टरांचा.

प्रश्न: आमचं बाळ 30व्या आठवड्यात जन्मलं, वजन 1.3 किलो. नाकात नळ्या आहेत आणि बाजूच्या बाटलीत सतत बुडबुडे येतात. हे व्हेंटिलेटर आहे का? फुफ्फुसात औषध सोडणार असंही सांगितलंय.

हे व्हेंटिलेटर नाही. याला बबल सीपॅप म्हणतात. बाळ श्वास स्वतःच घेतंय. यंत्र एवढंच करतं की श्वास सोडताना फुफ्फुसं पूर्ण मिटू देत नाही.

कारण असं. आपल्या फुफ्फुसात द्राक्षाच्या घडासारखे कोट्यवधी हवेचे फुगे असतात आणि आतून त्यांना ओल असते. ओलीचा ताण फुग्याला मिटवायला बघतो. फुगा जितका लहान तितका तो जोराने मिटतो. हा ताण कमी करणारा साबणासारखा थर, म्हणजे सर्फॅक्टंट, बाळाच्या फुफ्फुसात पुरेसा तयार होतो तो गर्भारपणाच्या शेवटच्या आठवड्यांत. तो नसेल तर बाळाला प्रत्येक श्वास पहिल्या श्वासाइतक्या जोराने घ्यावा लागतो. कण्हणं, नाकपुड्या फुलणं, बरगड्यांमध्ये खळगे पडणं ही त्या कष्टाचीच चिन्हं. काही तासांत बाळ दमतं.

मेरी एलन एव्हरी आणि जेरे मीड यांनी 1959 मध्ये हे कारण दाखवून दिलं, पण उपाय हाती नव्हता. 1963 मध्ये अमेरिकेचे अध्यक्ष जॉन केनेडी यांचा मुलगा पॅट्रिक साडेपाच आठवडे लवकर जन्मला. त्या काळातले उत्तमातले उत्तम उपचार मिळूनही तो 39 तासांत गेला. आज त्या वयाचं आणि त्याच आजाराचं बाळ वाचेल अशीच अपेक्षा असते. 1971 मध्ये जॉर्ज ग्रेगरी यांनी सीपॅपचा उपयोग दाखवला. 1980 मध्ये जपानच्या तेत्सुरो फुजिवारा यांनी दहा बाळांच्या फुफ्फुसात प्राण्यांच्या फुफ्फुसापासून बनवलेलं सर्फॅक्टंट सोडून ती सुधारल्याचं छापलं.

तुमच्या बाळाला जे औषध सोडणार आहेत ते हेच. सीपॅपचा दाब 6 सेंटिमीटर पाण्याइतका असूनही 30 टक्क्यांपेक्षा जास्त प्राणवायू लागत असेल तर ते द्यावं, असा साधारण निकष आहे. डुकराच्या फुफ्फुसापासून बनवलेल्या पोरॅक्टंट या सर्फॅक्टंटची पहिली मात्रा किलोमागे 200 मिलिग्रॅम, म्हणजे 1.3 किलोच्या बाळाला 260 मिलिग्रॅम, अर्थात सव्वातीन मिलिलिटर. कुपी फ्रिजमधून काढून खोलीच्या तापमानाला येऊ देतात आणि हळूच उलटी-सुलटी करतात. हलवून फेस काढायचा नसतो.

गेल्या काही वर्षांतला खरा बदल औषध देण्याच्या पद्धतीत झालाय. पूर्वी त्यासाठी श्वासनलिकेत जाड नळी घालून बाळाला व्हेंटिलेटरवर घ्यावं लागे. आता सीपॅप चालू ठेवून, बाळ स्वतः श्वास घेत असतानाच, बारीक नळीतून औषध सोडतात आणि नळी लगेच काढतात. व्हेंटिलेटर जीव वाचवतो, पण कोवळ्या फुफ्फुसाला ताणतो आणि इजाही करतो. तो टाळता आला तर प्राणवायूवरची दीर्घकाळची गरज कमी होते.

अशा बाळांना रोज कॅफीनही देतात, तेही विचाराल म्हणून सांगून ठेवतो. अपुऱ्या दिवसांचं बाळ मध्येच 20 सेकंद किंवा त्याहून जास्त श्वास घ्यायला विसरतं. कॅफीन मेंदूतल्या श्वासकेंद्राला जागं ठेवतं. कॅफीन सायट्रेटची सुरुवात किलोमागे 20 मिलिग्रॅमने आणि पुढे रोज 5 ते 10.

प्रश्न: मी लहान रुग्णालयात परिचारिका आहे. बबल सीपॅपचे बुडबुडे मधूनच थांबतात. नेमकं कुठे बघावं?

बुडबुडे थांबले म्हणजे बाळाला दाब मिळत नाहीये. यंत्राकडे जाण्याआधी बाळाकडे बघा: रंग, छातीची हालचाल, ऑक्सिमीटरचा आकडा (रक्तातला प्राणवायू, टक्क्यांत). मग प्राँग, म्हणजे नाकात बसवलेली छोटी दुहेरी नळी, काढून तिची दोन्ही टोकं बोटाने दाबा. बुडबुडे सुरू झाले तर गळती बाळाच्या बाजूला आहे: प्राँग लहान पडतेय, सरकलीय किंवा तोंड उघडं आहे. तरीही सुरू झाले नाहीत तर गळती नळ्यांमध्ये. प्रवाह चालू आहे का, हवा ओलसर करणाऱ्या आर्द्रकाचं झाकण घट्ट आहे का, एखादा सांधा निसटलाय का, हे क्रमाने तपासा. प्रवाह सहसा मिनिटाला 5 ते 8 लिटर पुरतो. गळती न शोधता प्रवाह वाढवत नेला तर बुडबुडे परत येतात आणि दोष तसाच राहतो.

उलट चूकही होते, ती बुडबुड्यांवरून दिसत नाही. पाण्यात नळी 5 सेंटिमीटर बुडाली तर दाब 5. ओलसर हवेतलं पाणी बाटलीत साठत जातं आणि पातळी वाढली की दाब न कळत वाढतो. बाहेर जाणाऱ्या नळीच्या झोळात साठलेलं पाणीही तेच करतं. दर पाळीला पातळी मोजा आणि नळीतलं पाणी बाळाच्या विरुद्ध दिशेला काढून टाका.

नाकाच्या मधल्या पडद्याला प्राँग टेकता कामा नये. दोन्हींमध्ये सुमारे 2 मिलिमीटर फट दिसायला हवी. दर दोन ते चार तासांनी टोपी-पट्ट्या सैल करून टॉर्चने बघा. आधी तो भाग पांढरट पडतो, मग लाल होतो आणि मग जखम होते. पांढरट दिसतानाच पकडलं तर नाक वाचतं. पोट फुगू नये म्हणून तोंडातून जठरात नळी टाकून तिचं टोक उघडं ठेवा. आणि बाळ चांगलं असताना अचानक बिघडलं, एका बाजूची छाती हलेनाशी झाली, तर फुफ्फुसाबाहेर हवा साठल्याची शंका घेऊन त्या क्षणी डॉक्टरांना बोलवा.

प्रश्न: 1.4 किलोच्या बाळाला नळ्यांसकट छातीशी घ्यायला सांगताहेत. मला भीती वाटते. काचेच्या पेटीतच ते जास्त सुरक्षित नाही का?

भीती साहजिक आहे, पण उत्तर नाही असंच आहे. 1978 मध्ये कोलंबियातल्या बोगोटा शहरात एडगर रेय सानाब्रिया यांनी, पेट्या अपुऱ्या पडत होत्या म्हणून, बाळं आयांच्या छातीशी ठेवायला सुरुवात केली. तेव्हा तो नाइलाज वाटला होता. 2021 मध्ये भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया इथल्या रुग्णालयांतल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष आले. तिच्यात 1 ते 1.799 किलोची बाळं होती. आधी बाळ स्थिरावू दे आणि मग आईकडे दे, ही जुनी रीत पाळलेल्या गटात पहिल्या 28 दिवसांत शंभरातली 15.7 बाळं दगावली. जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी दिलेल्या गटात 12. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी वेळेआधीच थांबवली. 2022 पासून जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे की अशा बाळांना जन्मापासूनच दिवसाचे 8 ते 24 तास अशी छातीशी धरण्याची कांगारू काळजी मिळावी. स्वतः श्वास घेऊ न शकणारं, व्हेंटिलेटर लागणारं किंवा रक्तदाब कोसळलेलं बाळ याला अपवाद.

करायचं असं. पाठ टेकून, अर्धवट रेलून बसा. बाळाला फक्त टोपी, लंगोट आणि मोजे. दोन्ही स्तनांच्या मध्ये ते उभं ठेवा, हातपाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि हनुवटी किंचित वर. हनुवटी छातीवर पडली तर श्वासाची वाट दबते. सगळ्यांत जास्त होणारी चूक हीच. कापड बाळाच्या कानाच्या खालच्या कडेपर्यंत आणा. छातीवर घट्ट, पोटावर सैल, कारण ही बाळं पोटाने श्वास घेतात. सीपॅपच्या नळ्या तुमच्या खांद्याशी पट्टीने अडकवून देतात, उचलताना त्या सिस्टर धरतील. एका वेळी किमान एक तास ठेवा. सारखं उचल-ठेव केल्याने बाळ उलट थकतं.

तुमच्या छातीची ऊब बाळाचं तापमान 36.5 ते 37.5 अंश सेल्सिअसमध्ये टिकवते, तुमच्या त्वचेवरचे नेहमीचे जिवाणू आधी त्याच्यावर बसतात आणि दूधही लवकर उतरतं. बाळाच्या बाबांनीही करावं, त्यांची ऊब काही कमी नसते. तुम्हाला झोप येत असेल तर रेललेल्या खुर्चीत, कोणी जागं असताना. आडवं झोपून नको.

प्रश्न: कावीळ झालेल्या बाळाला निळ्या प्रकाशात ठेवलं. खिडकीतल्या उन्हात धरून चाललं नसतं का?

नाही. कल्पना मात्र उन्हातूनच आली. 1956 मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर बाळांना अंगणात उन्हात नेत. एका बाळाच्या अंगावर चादरीचा कोपरा आला होता. तेवढाच त्रिकोण पिवळाधमक राहिला, बाकीचं अंग उतरलेलं. 1958 मध्ये रिचर्ड क्रेमर आणि सहकाऱ्यांनी त्यातून दिव्याचा उपचार उभा केला.

काम करतो तो साधारण 460 ते 490 नॅनोमीटरचा निळा प्रकाश. त्वचेतल्या बिलिरुबिनचा, म्हणजे कावीळ आणणाऱ्या पिवळ्या द्रव्याचा, आकार तो बदलतो, मग यकृताच्या प्रक्रियेची वाट न बघता ते पित्तातून आणि लघवीतून निघून जातं. आजचे एलईडी दिवे हाच पट्टा देतात आणि फार तापत नाहीत. उन्हात हा प्रकाश असतो, पण किती मिळाला ते मोजता येत नाही, सोबत अतिनील किरणं असतात आणि बाळ भाजतं, तापतं किंवा गारठतं. दिव्याखाली डोळे झाकलेले आणि लंगोट लहान हवा, म्हणजे जास्तीत जास्त त्वचा उघडी राहते. दूध दिवसातून 8 ते 12 वेळा.

दिव्याखाली असलेल्या बाळाच्या रंगावरून काही ठरवू नका. त्वचा आधी उजळते, रक्तातलं प्रमाण नंतर उतरतं. रक्ताच्या आकड्याचा अर्थही बाळ किती तासांचं आहे त्यावर ठरतो. जन्मापासून 24 तासांच्या आत पिवळेपणा दिसला तर तो कधीच साधा समजू नये. बाळ सुस्त, दूध ओढत नाही, कर्कश रडतं, मान-पाठ मागे ताणतं: हे झालं तर मेंदूला धोका आहे, तासभरही थांबू नका.

दोन आठवड्यांनंतरही कावीळ टिकली, शी पांढरट किंवा मातकट आणि लघवीने लंगोट पिवळा होत असेल, तर प्रश्न दिव्याचा नाही, पित्तवाहिनीचा असू शकतो. मोरिओ कसाई यांच्या नावाची शस्त्रक्रिया 60 दिवसांच्या आत झाली तर पित्त वाहू लागण्याची शक्यता जास्त. लंगोटातल्या रंगाकडे बघण्याला एवढी किंमत आहे.

प्रश्न: पूर्ण दिवसांचं बाळ जन्मल्यावर रडलं नाही. आता 72 तास थंड ठेवलंय. हे धोक्याचं नाही?

प्राणवायू कमी पडल्यावर मेंदूच्या पेशी दोन टप्प्यांत मरतात. पहिला टप्पा लगेच, दुसरा काही तासांनी. शरीराचं तापमान 33 ते 34 अंशांवर आणून हा दुसरा टप्पा रोखायचा प्रयत्न असतो. तो जन्मानंतर 6 तासांच्या आत सुरू व्हावा लागतो, 72 तास चालतो आणि मग तासाला अर्धा अंश या वेगाने ऊब परत देतात. घाईने गरम केलं तर झटके येऊ शकतात. या काळात बाळाचे ठोके मिनिटाला शंभराच्या आसपास येतात, ते अपेक्षित आहे.

पण हा उपाय कुठेही आणि कोणावरही करण्याचा नाही. भारत, श्रीलंका आणि बांगलादेश इथल्या 408 बाळांवरच्या चाचणीत, जी 2021 मध्ये छापली गेली, थंड ठेवलेल्या गटात मृत्यू 42 टक्के आणि नेहमीच्या काळजीत 31 टक्के झाले. म्हणून डॉक्टरांना मोकळेपणाने विचारा की आमच्या बाळाची निवड कोणत्या निकषांवर झाली आणि इथला अनुभव काय. हा प्रश्न त्यांचा अपमान नाही. घरी किंवा वाटेत बाळाला गार ठेवण्याचा प्रयोग मात्र कधीच करू नये.

प्रश्न: 1.1 किलोचं बाळ आता 1.8 किलो झालंय, घरी सोडलंय. डोळे स्वच्छ दिसतात. डोळ्यांची तपासणी पुढच्या महिन्यात केली तर?

नको. ठरलेल्या दिवशीच जा. अपुऱ्या दिवसांच्या बाळाच्या डोळ्यातल्या पडद्यावरच्या रक्तवाहिन्या जन्मानंतर वाढत असतात. त्या वेड्यावाकड्या वाढल्या तर पडदा सुटतो, आणि बाहेरून डोळा अगदी निर्मळ दिसतो. पहिली तपासणी साधारण जन्मानंतर चार आठवड्यांनी, खूप लहान बाळांची अनेक ठिकाणी त्याहून आधी. उपचाराची गरज निघाली तर लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन दोन-तीन दिवसांत करावं लागतं, इतकी ती वेळ अरुंद असते. एका तपासणीत सगळं ठीक आलं तरी रक्तवाहिन्यांची वाढ पूर्ण झाल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत जात राहायचं. ज्यांना इंजेक्शन दिलंय त्यांचा आजार कित्येक आठवड्यांनी उलटू शकतो, त्यांनी तर एकही तारीख चुकवू नये.

जास्त प्राणवायूने हा आजार वाढतो हे 1950 च्या दशकात कळलं. मग प्राणवायू फार कमी केला तेव्हा बाळं दगावली. आज प्राणवायू देत असताना ऑक्सिमीटर 90 ते 95 दरम्यान ठेवतात. नातेवाइकांना 99 दिसलं की बरं वाटतं. नळीतून प्राणवायू घेणाऱ्या या बाळासाठी 99 हा चांगला आकडा नाही.

प्रश्न: बाळ धडधाकट आहे. तरी पायाला यंत्र लावलं आणि टाचेतून रक्त घेतलं. कशासाठी?

यंत्र हृदयासाठी. जन्मताना उघडी असलेली एक रक्तवाहिनी पहिल्या काही दिवसांत मिटते. काही हृदयदोषांत बाळ तिच्याच जिवावर तगलेलं असतं आणि ती मिटली की घरी कोसळतं. म्हणून 24 तासांनंतर उजव्या हातात आणि एका पायात रक्तातला प्राणवायू टक्क्यांत मोजतात. दोन्हींमध्ये 95 किंवा जास्त आणि दोघांत फरक 3 पर्यंत असेल तर पास. कुठेही 90 च्या खाली असेल तर लगेच इकोकार्डिओग्राफी, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. मधले आकडे आले तर तासाने पुन्हा. पाय गार असेल किंवा बाळ रडत असेल तर आकडा खोटा येतो. महाधमनी अरुंद असणारा दोष मात्र या चाचणीतून निसटू शकतो, त्यामुळे पास झालेलं बाळही दूध पिताना घामाघूम होत असेल तर दाखवा.

टाचेचं रक्त 24 ते 72 तासांच्या दरम्यान घेतात. रॉबर्ट गथ्री यांनी 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला कागदावर सुकवलेल्या रक्ताच्या थेंबावरून चयापचयाचा एक आजार ओळखून दाखवला. आज त्याच कागदावर डझनावारी आजार तपासता येतात. थायरॉइड कमी असेल तर लेव्होथायरॉक्सिन किलोमागे 10 ते 15 मायक्रोग्रॅम रोज, आणि ते दोन आठवड्यांच्या आत सुरू झालं तर बुद्धीची वाढ वाचते. स्पायनल मस्क्युलर अ‍ॅट्रॉफी या स्नायू दुबळे करणाऱ्या आजारावर 2016 पासून औषधं आणि 2019 पासून एकदाच द्यायचा जनुकीय उपचार आलाय. लक्षणं दिसण्याआधी दिला तर त्याचा गुण फार वेगळा असतो. काही देशांत त्याची तपासणीही याच थेंबावर होते.

नमुना वाया जातो तो बहुतेक वेळा हाताळणीमुळे. टाचेच्या बाजूला टोचावं, मधोमध नाही. स्पिरिट वाळू द्यावं, पहिला थेंब पुसावा, एका वर्तुळात एकच मोठा थेंब, तोही कागदाच्या एकाच बाजूने. कागद आडवा ठेवून निदान तीन तास सावलीत सुकवावा, ओला पाकिटात घालू नये. नमुना पुन्हा मागवला तर बाळात दोष निघाला असं समजू नका. पण दुसरा नमुना त्याच आठवड्यात द्या, आणि अहवाल आल्याशिवाय तो ठीकच असेल असं गृहीत धरू नका.